राखेनं घासलेल्या पाट्या

उमरगव्हाणचं सगळं सांडपाणी उतार धरून बौद्धवाड्याकडं येतं. हे काही आजचं नाही. गाव वसवणाऱ्यांनी आधी उतार पाहिला असणार आणि मगच कुणी कुठं राहायचं ते ठरवलं असणार, असं मनिषाला कायम वाटायचं. वरच्या आळीत कुणाच्या घरी कार्य झालं, कुणी गोधड्या धुतल्या, की तासाभरात नालीतून खाली वर्दी यायची. साबणाचा फेस, भाताची शितं, हळदीचं पिवळं पाणी. मनिषा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूच्या, सरजाबाईच्या, दारापुढं या पाण्याचं भलंमोठं डबकं होतं. पाहुणा आला की त्याला आधी फळीवरून तोल सांभाळत यावं लागायचं आणि मगच चहा मिळायचा.

तीन वर्षांपूर्वी त्या डबक्याच्या जागी फिल्टर आला. परभणीच्या एका प्रकल्पानं तो बसवला. वर पत्र्याचं शेड, खाली ओळीनं तीन हौद. पहिल्या हौदात गाळ बसायचा. दुसऱ्यात चिनी मातीच्या चाळीस पाट्या उभ्या टांगलेल्या होत्या, एकेक हातभर लांब आणि आतून पोकळ. पंप त्या पाट्यांच्या आतून पाणी ओढून घ्यायचा आणि मळ बाहेरच राहायचा. तिसऱ्या हौदात निळ्या कॅनमधलं औषध थेंब थेंब पडायचं. पाटीला जे अडवता येत नाही, साबणाचा अंश, रंग, वास, ते सगळं हे औषध जाळून टाकतं, असं प्रकल्पाच्या राजेश्री मॅडमनं सांगितलं होतं. धूर नाही, जाळ नाही, पण जळतं. मनिषाला ते लगेच पटलं, कारण औषधाचा थेंब बोटावर पडला की कातडी पांढरीफटक व्हायची आणि पार संध्याकाळपर्यंत चुरचुरायची.

फिल्टर चालवायला गावातलं कुणी पुढं येईना. घाणीत हात कोण घालणार? शेवटी बारावी झालेली मनिषा परभणीला जाऊन आठ दिवस शिकून आली. बोलणं असं झालं, की जो फिल्टर चालवील त्याच्या रानाला पाणी. शेडच्या मागंच तिच्या नवऱ्याचं, नागनाथचं, वीस गुंठे मुरमाड रान होतं. त्यात त्यांनी कागदी लिंबाची चोवीस रोपं लावली. नागनाथ मानवतला टेम्पो चालवायचा, चार-पाच दिवसांनी घरी यायचा, त्यामुळं फिल्टर काय आणि लिंबं काय, दोन्ही सासू-सुनेच्याच गळ्यात. यंदाच्या वैशाखात झाडांना पहिल्यांदा फळ धरलं होतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. या महिन्यात पाणी तुटलं तर फळ गळणारच, पण त्या मुरमात झाडंही उभी वाळतील, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मनिषा पाट्या वर काढून तपासत होती, तेव्हा बन्सीधर आला. गावची सरपंच त्याची बायको नर्मदाबाई. पण नर्मदाबाईला पंचायतीची पायरी चढताना कुणी पाहिलं नव्हतं. लोक बन्सीधरलाच सरपंच म्हणायचे आणि तोही बिनदिक्कत ओ द्यायचा. नाकाला रुमाल लावून तो शेडच्या बाहेरच थांबला.

"गुरवारी मोठे साहेब यायलेत परभणीहून," तो म्हणाला. "फोटोवाले बी हायेत संगं. आन हे काय पाट्यांची दशा करून ठेवलीस गं? काळ्याठिक्कर!"

"भाऊ, तो डाग वरचा न्हाई. मातीत मुरलाय. पाणी साफ यायलंय की."

"पाणी कोण बगतंय? फोटोत पाट्या दिसत्यात. घासून काढ चांगल्या."

"घासायच्या न्हाईत त्या. वरून लय बारीक थर असतोय, कांद्याच्या पापुद्र्यापरीस बारीक. तोच मळ अडवतोय. आठवड्याला लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवायच्या, आतून उलटं पाणी मारायचं, आन लागलंच तर मऊ स्पंज फिरवायचा. मॅडमनं लिहून दिलंय मला."

बन्सीधरचं तिकडं लक्षच नव्हतं. लिंबाच्या आळ्यांतला पाला वेचणाऱ्या सरजाबाईकडं पाहून तो मोठ्यानं म्हणाला, "सरजाबाई, तुमच्याकडं हे आसंच ऱ्हायचं. कितीबी मशिनी आणून द्या, तुमच्याकडचं घाण ते घाणच."

आणि गाडीला लाथ मारून निघून गेला. मनिषाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीन वर्षं गावाचा मळ उपसायला हात हिचे आणि घाण म्हणायला तोंड त्याचं! पण गुरुवार तोंडावर होता, गावाशी वाकडं घेऊन फिल्टर चालत नाही, म्हणून ती गप्प बसली. सरजाबाईही काही बोलली नाही. पाल्याचं टोपलं कमरेवर घेऊन ती घराकडं गेली.

सरजाबाईला ओळखणाऱ्यानं त्या गप्प राहण्याला भ्यायला पाहिजे होतं. तिच्या मांडणीवरच्या भांड्यांत तोंड दिसायचं. वरच्या आळीत लग्न असलं की हंडे-पराती घासायला तिलाच बोलावणं यायचं. राख, विटकरीची भुकटी आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर ती जळका हंडा नव्यासारखा करून द्यायची. तिनं घासलेल्या भांड्यावर घरच्या बाया वरून आपला एक तांब्या पाणी ओतायच्या आणि मगच ते आत न्यायच्या. तीस वर्षं तिनं हे पाहिलं होतं. कुणाला कधी काही म्हटलं नव्हतं, पण पुढचा हंडा ती आणखी जोर लावून घासायची.

बुधवारी पंपाचं वॉशर गेलं. ते आणायला मनिषा सकाळच्या एसटीनं झरीला गेली. परतताना फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत आली. ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटत होती. शेडजवळ आली आणि तिला आधी वाटलं, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला ओळीनं पाट्या लावल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. आणि पुढं घमेल्याजवळ सरजाबाई बसली होती, कोपरापर्यंत राखेनं माखलेली.

"बग," सरजाबाई म्हणाली. "दुधासारक्या झाल्यात का न्हाई? म्हणावं आता, घाण हाय म्हणून."

मनिषाच्या हातातलं वॉशर खाली पडलं. ती पाटीपुढं उकिडवी बसली. तिनं तांब्यातून ओंजळीत पाणी घेतलं आणि एक थेंब पाटीवर सोडला. चांगल्या पाटीवर थेंब जरा वेळ बसून राहतो, मग हळूहळू आत मुरतो. हा थेंब पडल्या पडल्या गडप झाला. दुसरी पाटी, तिसरी पाटी. सगळीकडं तेच. बोट फिरवलं तर बारीक चरे हाताला लागत होते.

"काय केलंत हे आत्या!" ती ओरडली. "काय करून बसलात!"

"कामून? काय झालं?"

"सोलल्यात तुमी पाट्या! वरचा थरच गेला. आता ह्यातून समदा मळ पार व्हतोय. तुमाला सांगितलं व्हतं ना मी? शंभरदा सांगितलं व्हतं!"

सरजाबाईनं पाट्यांकडं पाहिलं, मग सुनेकडं. "म्या तर हलक्या हातानं घासल्या," ती म्हणाली. तिच्या नखांच्या कडा झिजून लाल झाल्या होत्या, उजव्या तळव्याची साल निघाली होती. हलका हात काय असतो हे त्या बाईला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

"किती घासल्या?"

"बत्तीस. आठ ऱ्हायल्या. राख सरली."

मनिषाला रडावं की ओरडावं ते कळेना. बन्सीधरवर तोंड टाकावं तर तो हात लावायलाही आला नव्हता. सासूवर टाकावं तर तिनं हे सुनेच्या अब्रूसाठीच केलेलं. तिनं राजेश्री मॅडमला फोन लावला. "मॅडम, पाट्याचं जरा..." एवढं बोलते तोवर तिकडून घाईघाईनं आवाज आला, "मनिषा, मीटिंगमध्ये आहे. उद्या येतेच आहे मी. पाट्या स्वच्छ दिसू दे, बरं का." फोन बंद झाला. पाट्या स्वच्छच होत्या, त्याचंच तर सगळं होऊन बसलं होतं.

दुसऱ्या पाट्या नव्हत्या. त्याच परत टांगल्या. गुरुवारी सकाळी तिनं औषधाची तोटी दुपटीनं उघडली, पाण्याला निदान दोन तास तरी वास येऊ नये म्हणून. बोटं पांढरी पडली.

साहेब अकराला आले. पंप सुरू झाला आणि तिसऱ्या हौदात पाणी नुसतं धो धो पडायला लागलं. अडवायला काही उरलंच नव्हतं, तर पाणी पळणारच. वरून पाहणाऱ्याला मात्र ते धबधब्यासारखं झकास दिसत होतं. साहेबांनी हात धुतले, वास घेतला, मान डोलावली.

"रोज किती निघतं?"

"पाच हजार लिटर," मनिषा म्हणाली.

"आजच्या हिशेबानं नऊच्या पुढं जाईल," राजेश्री मॅडम मीटर पाहून म्हणाल्या आणि त्यांनी मनिषाकडं जरा नवलानं पाहिलं. मनिषानं तोंड उघडलं, पण बन्सीधर मधे घुसला.

"साहेब, घासूनपुसून ठेवलं की मशीन बी कामाला लागतंय! म्या सोमवारीच ह्यांना दम भरला व्हता." लोक हसले. "आता येवढं पाणी हाय तर मारुतीच्या देवळामागं बाग करायचा ठराव घेतोत आमी. आठ दिवसांत पाइप टाकतोत."

देवळामागच्या बागेला लागूनच बन्सीधरची मोसंबी होती, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"आन आमच्या लिंबांला?" मनिषानं विचारलं.

"उरलं की देऊ की," बन्सीधर म्हणाला आणि फोटोसाठी वर काढलेल्या पाट्यांपुढं जाऊन उभा राहिला. फोटोवाल्यानं मनिषाला बाजूला व्हायला सांगितलं, तिचा पदर ओला होता. सरजाबाई दूर लिंबाजवळून डोळे भरून पाहत होती. "गाजलं की गं तुजं काम," ती नंतर म्हणाली.

साहेबांच्या गाडीतून मॅडमही गेल्या. शुक्रवारी त्यांचा फोन लागला नाही. शनिवारी लागला तेव्हा मनिषानं सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी येते."

पाइप टाकायला मात्र बन्सीधरला आठ दिवस लागले नाहीत. लिंबांकडं जाणारी नळी शुक्रवारीच काढून त्यानं आपल्या माणसांकरवी देवळाकडं जोडून घेतली. मनिषा आडवी गेली, "पाट्या बिघडल्यात, पाणी घाण जाईल," असं तोंड फोडून सांगितलं. "तुला पाणी द्यायचं न्हाई म्हणून बोलायलीस," बन्सीधर म्हणाला. खरं सांगितलं तरी खोटं ठरावं, याच्याइतकं माणसाला जाळणारं दुसरं काही नसतं. त्या दिवशी मनिषा जेवली नाही.

महिन्याचं औषध रविवारी संपलं. मळच एवढा पार होत होता, की औषध त्यालाच पुरेना. सोमवारी देवळामागं काळसर पाणी पडायला लागलं, ठिबकच्या नळ्यांची तोंडं गाळानं बुजली आणि वास थेट मारुतीच्या ओट्यापर्यंत गेला. इकडं चार दिवस पाणी नसलेल्या लिंबांची पानं वळायला लागली. सरजाबाई सकाळ-संध्याकाळ घरातल्या आंघोळीचं पाणी बादलीनं आळ्यांत टाकत होती. सोललेल्या तळव्याला चिंधी बांधून. चोवीस झाडांना ते कुठवर पुरणार? आळ्यांत हिरवी बारीक फळं गळून पडली होती, पायाखाली चिरडत होती.

मंगळवारी राजेश्री मॅडम आल्या. बन्सीधर आधीच येऊन बसला होता, रुमालासकट. मॅडमनी एकेक पाटी काढून पाण्याचा थेंब टाकून पाहिला. बत्तीस पाट्या एका बाजूला ठेवल्या, आठ दुसऱ्या.

"कुणी घासल्या या?"

"हीच की," बन्सीधर म्हणाला. "जिम्मेदारी हिची हाय."

मनिषानं मान खाली घातली. सासूचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्या घासल्या." सरजाबाई शेडच्या खांबाला धरून उभी होती. "राखेनं घासल्या. तिचा काय बी संबंध न्हाई. ती झरीला गेल्ती."

"मी घासा म्हणलो व्हतो का तुमाला?" बन्सीधर चिडून म्हणाला.

"न्हाई. तुमी घाण म्हणलात."

मॅडमनी उगाच मीटरवरची धूळ पुसली. बन्सीधर बाहेर जाऊन थुंकून आला.

"नवीन पाट्या बाहेरून मागवाव्या लागतील," मॅडम म्हणाल्या. "मंजुरी, मग मागणी. दिवाळीच्या आत काही येत नाहीत. या आठ शाबूत आहेत, पण आठ पाट्यांवर हजार लिटरसुद्धा धड निघणार नाही. गावासाठी फिल्टर बंदच समजा."

"हजार लिटर काय चाटायचंय का?" बन्सीधर उठला. "आन हे काळं पाणी देवाच्या बागंला नको आमाला. मी आजच पाइप काढून घेतो. तुमचं पाणी तुमाला लखलाभ, सरजाबाई. समदं घ्या."

"लिहून द्या, भाऊ," मनिषा म्हणाली.

"काय?"

"समदं पाणी आमाला, हे लिहून द्या. पंचायतीच्या कागदावर."

"घाण पाण्याला कागद?" तो हसला.

"घाणच हाय तर लिहायला काय जायलंय तुमचं? गावाचं समदं सांडपाणी नागनाथच्या रानाला, धा वर्षं. मंग ते घाण असो का साफ. मॅडम साक्षीला हायेत."

बन्सीधरनं हौदातल्या काळ्या पाण्याकडं पाहिलं. असल्या पाण्यासाठी कागद मागणाऱ्या बाईची त्याला कीव आली असावी. माणूस पाठवून त्यानं पंचायतीचा कागद आणि शिक्का मागवला, मनिषानं सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहिलं आणि खाली नर्मदाबाईची सही स्वतःच ठोकून दिली. राजेश्री मॅडमनी ती सही होताना पाहिली, एक सुस्कारा टाकला आणि शेजारी आपली केली.

जाताना मॅडमनी गाडीतून अर्धा कॅन औषध काढून दिलं. "हे हिशेबात नाही," एवढंच म्हणाल्या. मनिषानं आठ पाट्या मधोमध टांगल्या, बाकीच्या पाट्यांच्या नळ्यांची तोंडं बुचं मारून बंद केली आणि पंप अगदी हळू सोडला. तिसऱ्या हौदात करंगळीएवढी धार पडायला लागली. पण धार नितळ होती. ती पाहून तिला आनंद झाला असं नाही. अर्धी फळं गळून गेली होती, तीन झाडं पार वाळली होती. तीन वर्षांचं काम एका माणसाच्या एका वाक्यानं मातीत घातलं होतं आणि तो माणूस वर मोसंबीत मोकळा फिरत होता.

सरजाबाई बराच वेळ हात मागं लपवून शेडच्या दारात उभी होती. चुकलेल्या लेकरासारखी.

"लावू का हात?" तिनं विचारलं.

मनिषानं मऊ स्पंज पाण्यात भिजवून तिच्या हातात ठेवला. "हा फिरवायचा. जोर न्हाई लावायचा. तान्ह्या लेकराचं अंग पुसतोत ना, तसं."

सरजाबाईला ते जमायला चार दिवस लागले. हात आपसूक जोर करायचा, मग ती स्वतःलाच शिवी द्यायची आणि थांबायची. उरलेल्या एकवीस झाडांची पानं हळूहळू सरळ झाली. तीस-चाळीस लिंबं टिकली, बोराएवढी झाली.

ज्येष्ठ लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. एका सकाळी बन्सीधरची गाडी शेडपुढं थांबली. त्याची विहीर आटली होती, मोसंबी माना टाकत होती, हे गावभर झालं होतं. आज नाकाला रुमाल नव्हता. तो थेट आत आला, तिसऱ्या हौदावर वाकला आणि स्वच्छ दिसणारा तळ पाहत राहिला.

"सरजाबाई," तो म्हणाला, "हे तर काचेसारकं हाय की. मला वाटलं बंद पडलंय. रोजच्याला एक टाकी जरी मोसंबीला दिली तर..."

मनिषा कपाटातला कागद काढायला उठली. सरजाबाईनं हातानंच तिला थांबवलं. ती पाटी मांडीवर घेऊन बसली होती, डोळे पाटीवरच होते.

"नका हो सरपंच," ती म्हणाली. "आमच्याकडचं हाय ते. घाणच हाय."

आणि तिनं पाटी पालथी करून दुसऱ्या अंगानं हलक्या हातानं स्पंज फिरवायला घेतला.